बॅटरी न विकणारा मेस्त्री (ऑटो इलेक्ट्रिक, उद्यमबाग, बेळगाव)

आधी पत्ता, कारण दुकानाला पाटी नाही. खानापूर रोडनं तिसरं रेल्वे गेट मागे टाकून उद्यमबागेत शिरलात की लेथवाल्यांची एक गल्ली लागते. एका बाजूला हायड्रॉलिकची कामं करणारे, दुसऱ्या बाजूला फाउंड्रीच्या मालाचे ढीग, आणि गल्ली संपता संपता एक पत्र्याचं शेड. शेडबाहेर जुन्या ओमनीची मागची सीट बाकासारखी टाकलेली आहे. ती दिसली की पोचलात. पाटी पूर्वी होती म्हणे, रस्त्याच्या कामात उतरवली ती परत चढलीच नाही. गिऱ्हाइकाला मात्र तोटा नाही. मी बसले होते तेवढ्या वेळात केए-२२, एमएच-०९ आणि गोव्याची एक, अशा तिन्ही राज्यांच्या गाड्या येऊन गेल्या.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवते. टिळकवाडीतून जाऊन-येऊन रोजचे साधारण साठ किलोमीटर. गाडी २०१३ ची वॅगन-आर, पेट्रोलवरची. ओहमचा नियम गेली बावीस वर्षं फळ्यावर लिहितेय, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याची लाज वाटायची आहे.

दुखणं असं होतं: गाडी सोमवारी सकाळी सुरू व्हायची नाही. मंगळवार ते शनिवार काही तक्रार नाही. सोमवारी चावी फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, 'घूंऽऽ' करून अर्ध्यात बसायचा, नाहीतर नुसतं 'टक' वाजायचं. मग शेजारच्यांची झोपमोड, त्यांच्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जंपर वायर, आणि प्रार्थनेला उशिरा पोचलेली मी. आधीची बॅटरी चार वर्षं चालून गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली, तिच्याबद्दल दुःख नव्हतं. नवी घातली ३,९०० रुपयांची. ती ऑक्टोबरात कुरकुरायला लागली. ज्या दुकानातून घेतली होती तिथे वॉरंटीसाठी गेले, तर त्यांनी दोन मिनिटं मीटर लावला आणि म्हणाले, "बॅटरीत दोष नाही, तुमच्या गाडीत आहे." गाडीत काय आहे ते बघाल का, म्हटलं, तर ते त्यांचं काम नव्हतं. नोव्हेंबरात दुसऱ्या एका दुकानानं गाडीकडे ढुंकूनही न बघता ४,२०० ची दुसरी बसवून दिली. यंदाच्या जुलैत तीही सोमवारी झोपायला लागली. दीड वर्षात दोन बॅटऱ्या, आठ हजार शंभर रुपये. तिसरीला हात घालायच्या आधी शाळेतल्या शिपाईमामांनी या मेस्त्रींचा पत्ता दिला. वर एक अट घातली, "बॅटरी पायजे म्हणून सांगू नका. तो विकत न्हाई. गाडी चालू हुईना, एवढंच सांगा."

तसंच सांगितलं. मेस्त्री पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोलणं कमी. पहिला प्रश्न, "जादा काय लावलंय गाडीला?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले.

पुढे जे झालं त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मीटर लावायच्या आधी त्यांनी हेडलाइट मिनिटभर लावून बंद केले. का, असं विचारलं. बॅटरीवर नुकत्याच झालेल्या चार्जिंगचा वरवरचा फुगवटा असतो, तो उतरल्याशिवाय खरा आकडा दिसत नाही. जंपरवर चालू करून मी टिळकवाडीहून आले होते, त्यामुळे तो फुगवटा होताच. मग मीटर: १२.२१ व्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीला बारा दिसले की झालं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आत सहा घरं असतात, पूर्ण भरलेल्या प्रत्येक घराचे सुमारे २.१ धरले तर १२.६ ते १२.७ यायला हवेत. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. ११.९ ला तर तळ गाठलेला असतो. म्हणजे सगळा खेळ पाऊण-एक व्होल्टच्या आतला. मीटर साधा असला तरी दशांशाखालचे दोन आकडे दाखवणारा हवा तो याचसाठी. बॅटरीवर ती हिरवी-काळी काचेची डोळी असते ना, तिच्यावर मी इतके दिवस विसंबून होते. मेस्त्रींनी सांगितलं की ती सहापैकी एकाच घरात बसवलेली असते. बाकीची पाच आंधळीच.

मग इंजिन चालू करून पुन्हा मीटर. १४.१. हेडलाइट, पंखा फुल, मागच्या काचेचा वायपर, सगळं लावलं, १३.८ वर येऊन थांबला. "डायनामो चांगला हाय." आपल्याकडे अजून सगळे डायनामोच म्हणतात. असतो तो आल्टरनेटर, पट्ट्यावर फिरणारा. त्यात तयार होते ती घरातल्यासारखी उलटसुलट वीज, म्हणजे एसी, तीही तीन फेजची. ती आतल्या डायोडच्या प्लेटवर सरळ, म्हणजे डीसी, होते आणि रेग्युलेटर तिला चौदाच्या आसपास धरून ठेवतो. इंजिन चालू असताना दिवे, हॉर्न, वायपर, इंजिनाचा कॉम्प्युटर या सगळ्यांना पोसतो तो हा. बॅटरीचं मुख्य काम गाडी सुरू करून देण्यापुरतं. मेस्त्रींनी मीटर एसीवर फिरवून तीच जागा परत तपासली. डायोड फुटका असेल तर सरळ विजेत उलटसुलट विजेची लहर मिसळून येते, अर्ध्या व्होल्टच्या वर गेली की संशय घ्यायचा. इथे नगण्य होती. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा कधी लागला नाही, म्हणून चार्जिंग नीट असणार, असं मी म्हटलं. ते हसले. तो दिवा चार्जिंग येतंय की नाही तेवढंच सांगतो, बॅटरीच्या तब्येतीशी त्याला देणंघेणं नाही.

एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली, तीही लिहिते, कारण कुणी माझे आकडे घेऊन नव्या गाडीला लावायचं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचा व्होल्टेज कॉम्प्युटर वरखाली करतो, कधी मुद्दाम खालीही ठेवतो. तिथे १४ दिसले नाहीत म्हणून आल्टरनेटर उतरवायचा नसतो. तसल्या गाड्या ते स्कॅनर लावल्याशिवाय घेतच नाहीत.

आता लाजेचा भाग. मागच्याच आठवड्यात मी शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर घरी आणून 'तपासणी' केली होती. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाला गेलेली जाड अर्थची केबल रोधावर तपासली, मीटर 'पीं' करून वाजला, वहीत 'अर्थ ठीक' असं लिहून मोकळी झाले. मेस्त्रींना तेही सांगितलं, जरा ऐटीतच. त्यांनी काही न बोलता मीटरची एक टोची बॅटरीच्या मायनसच्या खांबावर धरली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि पोराला सांगितलं, "सेल्फ मार." शून्याच्या जवळ असायला हवं होतं. मीटरवर ०.९ आले.

दोन टोकं, मधे एकच केबल आणि तिच्यात जवळजवळ एक व्होल्ट हरवतोय. पोरानं सेल्फच्या वायरला डीसीचा क्लॅम्प, म्हणजे वायर न सोडवता प्रवाह मोजणारा चिमटा, अडकवला होता, तिथे साधारण १२० अँपियर. आता ओहम: ०.९ भागिले १२०, म्हणजे ०.००७५. साडेसात मिलीओहम! माझा शाळेचा मीटर टोच्या एकमेकींना टेकवल्या तरी ०.३ ओहम दाखवतो. त्याला हे काय दिसणार? पीं वाजायला केबलमधली एक तार शाबूत असली तरी पुरते, कारण मीटर तिच्यातून चिमूटभरही वीज सोडत नाही. ओझं टाकल्याशिवाय केबल खरं बोलत नाही. दोन दशकं मुलांना 'विभवांतर' शिकवतेय आणि ते मोजायचं कुठे, हे उद्यमबागेत कळलं. मेस्त्रींचा नियम सोपा आहे: सेल्फ मारताना अर्थच्या बाजूला ०.२ च्या वर गेलं की केबल उतरवायचीच.

उतरवली. इंजिनाकडच्या बोल्टाखाली हिरवट पांढरा भुगा. जांबोटीकडच्या पावसात चार महिने भिजणाऱ्या गाडीत दुसरं काय असणार! केबलच्या टोकाचा लग कापून टाकला, नवीन केबल बनवली, लोखंड घासून चकाकतं केलं, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. परत तीच चाचणी: ०.०७.

मला वाटलं झालं. पर्स काढली. "बसा की बाई, चोर अजून घरात हाय." अर्थ वाईट असली तरी बॅटरी अर्धी का होईल? तिच्यामुळे सेल्फ जड जातो, पण बॅटरी उतरते ती दुसऱ्याच कारणानं. हे मला सुचायला हवं होतं.

यासाठी लागला पाऊण तास, आणि त्यात बराचसा नुसता बसण्यात गेला. गाडी बंद, चावी काढलेली, बॉनेट उघडं, दार उघडं. पण दाराच्या खांबावरचं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलं, म्हणजे गाडीला दार लावलंय असं वाटतं आणि आतला दिवा विझतो. बॅटरीच्या मायनसची केबल सोडवून मधे मीटर, दहा अँपियरच्या भोकात टोची. त्यांनी दोनदा बजावलं की मीटर असा मालिकेत असताना चुकूनही चावी फिरवायची नाही. सेल्फचे शंभर-सव्वाशे अँपियर मीटरमधून गेले तर मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडतो, आणि स्वस्तातल्या मीटरात फ्यूजच नसतो. सुरुवातीला २ च्या वर दाखवत होता. मी घाबरले. "थांबा. गाडी झोपूद्या." इंजिनाचा कॉम्प्युटर, लॉक वगैरे मंडळी निजायला वेळ घेतात, वीस मिनिटं, अर्धा तास. आम्ही चहा घेतला. सगळं निजल्यावर ०.०२ ते ०.०५ अँपियर राहायला हरकत नाही, घड्याळ आणि मेमरीसाठी तेवढं लागतंच. माझ्या गाडीचा काटा ०.४१ वर येऊन बसला आणि हलेना.

फ्यूज एकेक उपसून बघतात हे मी ऐकलं होतं. मेस्त्री तसं करत नाहीत, कारण फ्यूज काढून परत लावला की निजलेला कॉम्प्युटर जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास. त्यांनी दुसरा मीटर मिलिव्होल्टवर लावला आणि प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर उघडी असतात त्या दोन टिकल्यांना टोच्या टेकवत गेले. ज्यातून वीज जात नाही तिथे शून्य. एका फ्यूजवर किंचित आकडा उमटला: रेडिओचा. तो एकटा उपसला, पहिल्या मीटरवर ०.०२.

माझ्या गाडीला जादा काही लावलेलं नाही, असं मी सांगितलं होतं. दोन वर्षं होत आली, दसऱ्याला मुलाच्या हट्टासाठी मोठ्या पडद्याचा स्टिरिओ बसवून घेतला होता. इतका रोजचा झालाय की तो 'जादा' आहे हेच विसरले होते. पडदा बाहेर ओढल्यावर मागे पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून टेप मारलेली. पिवळी कायमची, मेमरीपुरती. लाल चावीबरोबर चालू-बंद होणारी. दोन्ही एक केल्या की स्टिरिओला वाटतं चावी नेहमीच फिरलेली आहे. पडदा काळा दिसतो, आत तो जागाच. बसवणाऱ्यावर मी चिडणार होते. तेवढ्यात आठवलं, की चावी काढली तरी गाणी चालू राहिली पाहिजेत असं त्या दुकानात आमच्याच चिरंजीवांनी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. दुकानदारानं याचा परिणाम सांगायला हवा होता, हे मात्र म्हणणारच.

मेस्त्रींनी मग फरशीवर खडूनं हिशेब मांडला. शनिवारी अर्धी शाळा, साडेबाराला गाडी दारात. सोमवारी सकाळी साडेआठ. चव्वेचाळीस तास. ०.४१ गुणिले ४४, अठरा अँपियर-तास. बॅटरी ३५ ची. निम्म्याहून जास्त माल शनिवार-रविवारच्या दोन रात्रींत स्टिरिओनं खाल्ला, वरून अर्थनं एक व्होल्ट कापला, सेल्फ तरी काय करणार! इतर दिवशी रात्र एकच आणि लगेच साठ किलोमीटरची धाव, म्हणून भागत होतं. दोन दोषांपैकी एकच असता तर कदाचित गाडी रडतखडत चालू झालीही असती आणि मी आणखी वर्षभर कुरकुरत काढलं असतं.

नवी बॅटरी सहा-आठ महिने का टिकायची, तेही तिथेच उलगडलं. गाडीच्या बॅटरीतल्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर भरमसाठ वीज देण्यासाठी बनवलेल्या. अर्ध्यापर्यंत उतरून तशाच पडून राहणं त्यांना मानवत नाही, त्यांच्यावर सल्फेट धरतं आणि दर आठवड्याला भांडं थोडं थोडं लहान होत जातं. मेस्त्रींच्या भाषेत, "बॅटरी मेली न्हाई बाई, तिला मारूलालेत."

नवी घेऊ का, असं मी तरीही विचारलंच. उत्तर नाही. त्यांनी माझी बॅटरी काढून चार्जरला लावली, साडेतीन अँपियरवर, म्हणजे क्षमतेच्या दहावा हिस्सा, रात्रभर. जोरात चार्ज केली की तापते, हळू घातलेलं मुरतं. रात्रीपुरती त्यांच्याकडची कामचलाऊ बॅटरी लावून मला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोड टेस्टर लावून दाखवला. गावठी टोस्टरसारखं यंत्र आहे, आत तारा लालबुंद होतात. पंधरा सेकंद भार टाकला, ९.९ वर टिकली. ९.६ च्या खाली गेली असती तर नवी घ्या म्हणून तेच म्हणाले असते. "वरीसभर चालंल."

बिल: तपासणी ३००, केबल आणि मजुरी ४८०, स्टिरिओचं वायरिंग सरळ करून त्याला वेगळा फ्यूज ३५०. एकूण ११३०. आठ हजार शंभरच्या शेजारी हा आकडा लिहून बघितला आणि वही मिटली. तपासणीचे तीनशे वेगळे लागतात हे आधी सांगत नाहीत, शेवटी कळतं. माझ्या शेजारी बसलेल्या चंदगडच्या एका गृहस्थांनी त्यावरून वाद घातला: "काही बदललंच नाही, मग पैसे कसले?" त्यांच्या गाडीत फक्त एक सैल टर्मिनल निघालं होतं. मला विचाराल तर सगळ्या बिलात तेच तीनशे मी सर्वांत आनंदानं दिले. पण एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं तर रोजचा एक तंटा वाचेल.

बाकीच्या तक्रारीही आहेत. फोन उचलत नाहीत, हात ग्रीसचे असतात हे मान्य, पण पोराला सांगता येतं. पक्की पावती मागितल्यावरच मिळते. बायकांसाठी काहीही सोय नाही. मला तासाभरानं मुख्य रस्त्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत चालत जावं लागलं. ओमनीच्या सीटची एक स्प्रिंग बाहेर आली आहे, डावीकडे बसा. आणि घाईत असलेल्या माणसानं इथे येऊच नये. साडेनऊला गेले, निघाले तेव्हा दोन वाजले होते, शाळेत किरकोळ रजा टाकून.

भाषेची अडचण कुणालाच येत नाही. माझ्याशी मराठी, बैलहोंगलहून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला कानडीत "बर्री, कूड्री" (या, बसा), लेथवाल्या शेजाऱ्याशी हिंदी, आणि मीटरवरचा आकडा ज्याची गाडी त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचायचा. हे मोठ्यानं वाचणं मला फार आवडलं. मीटर गिऱ्हाइकाकडे वळवून धरतात. आकडा तुम्हालाच दिसल्यावर मेस्त्रीवर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न उरत नाही.

त्यांच्याकडचा डीसी क्लॅम्प बघून मलाही घ्यावासा वाटला. बाजारात गेले तर दुकानदारानं तसाच दिसणारा स्वस्तातला टाँग टेस्टर पुढे केला. घेऊ नका. साधा टाँग टेस्टर ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो, त्याला फक्त एसी कळते. गाडीच्या बॅटरीच्या वायरला लावला तर शून्य दाखवून गप्प बसेल. डीसीसाठी आत चुंबकक्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर असलेलाच लागतो, त्यावर 'डीसी अँपियर' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मी शेवटी साधा मल्टिमीटरच घेतला आणि सोमवारी सकाळी चावी फिरवायच्या आधी बॅटरीला लावते. गेले पाच सोमवार १२.५ च्या खाली आलेला नाही. चिरंजीव नाराज आहेत, चावी काढली की गाणं अर्ध्यात तुटतं.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, रविवारी बंद असतं. आणि घरून निघतानाच आठवून ठेवा: स्टिरिओ, मागचा कॅमेरा, जादा हॉर्न, सीटखालचे रंगीत दिवे, मोबाइल चार्जर, जे काही कंपनीनं दिलेलं नाही ते सगळं. पहिला प्रश्न तोच असतो.